थोरली बोलतेय

शहरातल्या माणसाला नळ माहीत असतो. नळामागे भिंत असते आणि भिंतीमागे काय असतं याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. पाणी आलं की बादली भरायची, नाही आलं की कुणाच्या तरी नावाने खडे फोडायचे, एवढाच त्याचा पाण्याशी संबंध. जंगल त्याला माहीत असतं तेही सुट्टीच्या दिवसापुरतं. फाटकाशी गाडी लावायची, सावलीत हिंडायचं, पोरांना पाखरं दाखवायची, 'काय हवा आहे हो इथे' असं चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणायचं आणि ती हवा तिथेच टाकून समुद्राकाठच्या आपल्या दाटीवाटीत परत यायचं. सकाळी ज्या पाण्याने आपण चूळ भरली ते याच राखीव जंगलातल्या तलावातून, याच झाडांच्या मुळांखालून आपल्या घरी आलं, हे त्याच्या गावीही नसतं.

कानसेनच्या गावी मात्र दुसरं काही नसायचंच.

कानसेन हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. खरं नाव पगार काढणाऱ्या कारकुनाला ठाऊक होतं, बाकी कुणाला त्याची गरज पडली नव्हती. तलावातून निघून जंगलाच्या पोटातून शहराकडे जाणाऱ्या दोन पाइपलाइनींवर तो 'ऐकणारा' म्हणून कामाला होता. हुद्द्याचं नावच तसं. नवीन माणूस विचारायचा, "म्हणजे काम काय करता?" "ऐकतो." "आणि?" "आणि काही नाही." घरोघरी बायका नवऱ्याला 'तुम्ही ऐकतच नाही' म्हणतात आणि याला ऐकण्याचाच पगार मिळतो, हा विनोद खोदाईच्या टोळीतल्या प्रत्येकाने करून झाला होता आणि प्रत्येकाला तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं वाटत होतं.

हत्यार म्हणजे एक लोखंडी काठी, वरच्या टोकाला लाकडाची वाटी. काठी पाइपवर टेकवायची, पाइप मातीखाली असेल तर मातीत रोवायची, वाटीला कान लावायचा आणि श्वास धरायचा. लाइन धडधाकट असली तर काहीच येत नाही. कुठे चीर गेली असेल, सांधा ढिला झाला असेल, तर दाबाने निसटणाऱ्या पाण्याची बारीक, न थांबणारी सूं ऐकू येते. टोळीच्या बोलीत धडधाकट लाइन 'झोपलेली' असायची आणि गळकी लाइन 'बोलायची'. जुनी, ओतीव लोखंडाची लाइन ती थोरली. नंतर टाकलेली पोलादाची ती धाकटी. कानसेन फिरून आला की मुकादम विचारायचा, "काय म्हणतेय थोरली?"

"झोपलीय."

"आणि धाकटी?"

"तीही."

मग मुकादम समाधानाने चहा टाकायला सांगायचा. आपल्या लाइनीने तोंड उघडू नये म्हणून एवढी वाट पाहणारी दुसरी जमात नसेल.

तो मुळात फावडं मारायला लागला होता. एकदा टोळी दुपारची पाय पसरून पडली असताना हा फावड्याच्या दांड्याला कान टेकून डुलक्या काढत होता, आणि मधेच डोळे उघडून म्हणाला, "खाली कुणीतरी शीळ घालतंय." सगळे खो खो हसले. तेव्हाचा ऐकणारा, एक तिरसट म्हातारा, तेवढा हसला नाही. त्याने तिथेच खणायला लावलं, आणि हातभर खाली थोरलीचा सांधा पिचकारी मारताना सापडला. त्या दिवसापासून म्हाताऱ्याने त्याच्या हातातलं फावडं काढून काठी दिली. म्हातारा निवृत्त झाला तेव्हा काठीबरोबर क्वार्टरही आलं: जंगलाच्या कुंपणाच्या आत, दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, मागे उंच झाडं. क्वार्टर माणसाला नव्हतं, जागेला होतं. लाइन ऐकणाऱ्याने लाइनीजवळ राहायचं, असा नियम. ऐकणं संपलं की राहणं संपलं.

त्या दोन खोल्यांनी त्याची बायको वाचवली. ती शहरातल्या गाद्यांच्या कारखान्यात होती. दिवसभर कापूस पिंजायचा आणि खोळीत ठासायचा. तरुणपणीच तिच्या छातीत कापूस बसला, असं ती म्हणायची. डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव दिलं होतं. बंदराच्या मागच्या गल्लीत, ट्रकांच्या धुरात, पाठीशी तीन उशा घेऊन ती बसूनच झोपायची. आडवी झाली की गुदमरायची. "हिला धूळ, धूर आणि दमट हवेपासून लांब ठेवा," डॉक्टर म्हणाले. समुद्राकाठच्या शहरात हे सांगणं म्हणजे माशाला पाण्यापासून जपा म्हणण्यासारखं होतं. "लांब म्हणजे कुठे?" याने विचारलं. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

क्वार्टरमध्ये आल्यावर थोड्याच दिवसांत ती एका दुपारी पडवीत चटईवर कलंडली ती आडवीच झोपली. तो कामावरून आला आणि दारातच थांबला. कितीतरी वर्षांत त्याने तिला आडवं झोपलेलं पाहिलं नव्हतं. मग त्याने हळूच काठीची वाटी तिच्या पाठीला टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावला. छातीतली शीळ गेली होती. ती कूस न बदलता म्हणाली, "काय म्हणतेय थोरली?"

"झोपलीय," तो म्हणाला, आणि उगाचच त्याला रडू आलं.

तेव्हापासून ती त्यांची घरातली थट्टाच झाली. एकुलती लेक लग्न होऊन समुद्राजवळच्या उंच इमारतीत राहायला गेली. फोनवर ती विचारायची, "आई काय म्हणतेय?" आणि हा सांगायचा, "झोपलीय." लेकीलाही त्यातलं कळायचं. आई बरी आहे, असा त्याचा अर्थ.

मग त्याच्या उजव्या कानात सूं सुरू झाली.

आधी त्याला वाटलं लाइनच बोलतेय. तलावाजवळच्या वळणावर त्याने खडूने खूण केली आणि मुकादमाला बोलावलं. राखीव जंगलात कुदळ मारायची तर वनखात्याची परवानगी लागते, कारण खाली पाइप असला तरी वर मुळं असतात. परवानगी आली, खोदाई झाली, वाटेत आलेल्या एका जुन्या झाडाची मुळं तोडावी लागली. थोरली खाली खडखडीत कोरडी होती. पुढच्या वाऱ्यात ते झाड आडवं झालं. वनाधिकारी खड्ड्याच्या काठावर उभे राहून म्हणाले, "पाण्याच्या नावाखाली माझं जंगल उकरताय." टोळीत 'कोरडा खड्डा' ही शिवी होती, आणि कानसेनला ती कधी मिळाली नव्हती.

लाइनीवरची इंजिनिअर मॅडम वयाने त्याच्या लेकीएवढी. वाईट नव्हती, पण तिच्याही डोक्यावर कुणीतरी होतं. ती त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, एकदा होतं. पण वरून गळती शोधायचं मशीन घ्या, मशीन घ्या चाललंय. आणखी एक कोरडा खड्डा झाला तर माझ्या हातात काही राहणार नाही. तुम्हाला शहरात पंपाच्या स्टोअरवर सामान मोजायला बसवतील."

"आणि क्वार्टर?"

मॅडम वळून टोळीला खड्डा बुजवायला सांगू लागली. तेवढ्याने त्याला कळायचं ते कळलं.

तो गुपचूप कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आला. याला इलाज नाही, सवय करून घ्या, असं ते म्हणाले. सूं डाव्या कानातही उतरली. आता ती दिवसभर असायची, जेवताना, दाढी करताना, बायको बोलत असताना. तिच्याखाली बाकीचे आवाज हळूहळू बुडू लागले, आणि तो समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखू लागला. आयुष्यभर जो आवाज शोधत तो मैलोन् मैल चालला होता, तो आता फुकटात घरपोच आला होता. देवाला विनोद करायचाच होता तर दुसरं गिऱ्हाईक शोधायचं होतं.

बायकोला फार दिवस फसवता आलं नाही. तो एकसारखा उठून मोरीतला नळ आवळायचा. एकदा ती म्हणाली, "अहो, नळ बंदच आहे. तिसऱ्यांदा आवळताय."

तो तिथेच, मोरीच्या उंबऱ्यावर बसला. सगळं सांगून टाकलं. ती ऐकत राहिली, मग तिने विचारलं, "कुणाला माहीत आहे?"

"कुणालाही नाही."

"मग मला शिकवा."

"काय?"

"ऐकायला. माझी छाती गेलीय, कान नाही गेले."

त्याने नको नको म्हटलं, पण दुसरं काही सुचत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून दोघं बरोबर निघू लागली. टोळीला वाटलं, उतारवयात जोडीने फिरायची हौस आली. मुकादम म्हणायचा, "वहिनी, याच्यावर लक्ष ठेवायला निघालात वाटतं?" ती हसून मान डोलवायची. झाडी आड आली की ती वाटीला कान लावायची आणि हा काठी धरून तिच्या तोंडाकडे पाहत उभा राहायचा. थोरली कुठे झोपते, कुठे कुरकुरते, धाकटीचा आवाज पातळ का, वाऱ्याने झाड हललं की मुळांतून काय येतं, हे सगळं त्याने तिला शिकवलं. ती पटकन शिकली. एका सांध्यावर तिने मान वर केली, "बोलतेय." त्याला विश्वास बसेना. पण त्याने छातीवर धोंडा ठेवून खूण केली, आणि खड्डा ओला निघाला. त्या संध्याकाळी मुकादमाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "कानसेन तो कानसेन." बायको लांब दगडावर बसून शाल सावरत होती. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही, इतकी त्याला लाज वाटली.

पण लाइन सपाटीवरून जात नाही. चढ होते, उतार होते, ओढे होते. ती चार पावलं टाकून थांबायची, श्वासाचा पंप तोंडाशी धरायची, पुन्हा चालायची. त्याने एक घडीचं स्टूल घेतलं. काठी एका हातात, स्टूल दुसऱ्या हातात, आणि ती मागून. महिन्याभरात तिच्या पाठीमागे एक उशी आली, मग दुसरी. ज्या छातीसाठी ही जागा टिकवायची, तीच छाती ती जागा टिकवताना झिजत होती. दोघांनाही ते दिसत होतं. दोघंही ते बोलत नव्हती, कारण बोलून कुठला रस्ता निघणार होता?

उन्हाळा टोकाला पोचला तेव्हा ती अंथरुणाला खिळली. तो एकटाच निघाला. जिथे पाइप उघडा होता तिथे हाताचा तळवा ठेवून थरथर कळते का पाहायचा. जिथे मातीखाली होता तिथे नुसताच काठी रोवून उभा राहायचा, लांबून कुणी पाहिलं तर काम दिसावं म्हणून. खडकाच्या वळणाखाली, उतार दरीकडे झुकतो तिथे, तो थबकला. कानातली सूं जरा मोठी झाल्यासारखी वाटली. त्याने काठी काढली. सूं होतीच. शेजारच्या दगडावर काठी लावली. तिथेही होती. त्याने स्वतःच्या गुडघ्यावर काठी लावून पाहिली, आणि गुडघाही बोलत होता. जमिनीवर ओल नव्हती. दगडाच्या बेचक्यातलं शेवाळ जरा हिरवं होतं, पण तिथे सावलीच असायची. तो तिथे बराच वेळ बसून राहिला. त्याला आपल्या कानात काठी खुपसावीशी वाटली.

घरी येऊन त्याने तिला सांगितलं. ती म्हणाली, "उद्या मी येते."

"तुला चढवणार नाही तो चढ."

"मग तुम्ही ढकला."

आणि त्याने खरंच ढकललं. हाताला धरून, कमरेला आधार देऊन, स्टुलावर बसवत बसवत. वळणाखाली पोचेपर्यंत तिचे ओठ निळसर पडले होते. तिने वाटीला कान लावला. तो तिच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला, देवळात कौल मागणाऱ्यासारखा. तिने श्वास धरला, पण धरवला नाही, खोकल्याची उबळ आली. पुन्हा धरला. पुन्हा सुटला. शेवटी तिने कान काढला आणि ती रडायला लागली. आजवर, कारखाना सुटला तेव्हा, लेक सासरी गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

"काहीतरी बोलतंय," ती म्हणाली. "पण ती बोलतेय की माझीच छाती, मला कळत नाही हो. सगळीकडे शीळच ऐकू येतेय."

दोघं त्या उतारावर बसून राहिली. याच्या कानात एक सूं, तिच्या छातीत एक, आणि मातीखाली तिसरी होती की नव्हती, हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं. खाली, झाडांच्या पलीकडे, उन्हात पांढरं पडलेलं शहर समुद्रापर्यंत पसरलं होतं. तिथल्या लाखो लोकांनी त्या वेळी नळ सोडले असतील.

"खूण करा," ती म्हणाली.

"कोरडं निघालं तर?"

"तर बघू."

"काय बघू? पुन्हा त्या गल्लीत? पुन्हा तीन उशा?"

"आणि ओलं असून तुम्ही गप्प बसलात तर?"

त्याने खडू खिशातून काढला. हातात धरला. परत खिशात ठेवला. तिने पाहिलं आणि मान फिरवली. हाच तो क्षण, नंतर त्याने हजारदा आठवला तो. आपण चुकतोय हे त्याला कळत होतं असं म्हणता येणार नाही. कळायला जो कान लागतो तोच तर गेला होता. पण तो घाबरला होता, एवढं खरं, आणि घाबरलेल्या माणसाला जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं.

संध्याकाळी मुकादमाने नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणतेय थोरली?"

मुकादम पंचवीसेक वर्षांपासूनचा सोबती. त्याला बाजूला नेऊन सांगितलं असतं तर त्याने काहीतरी निभावून नेलं असतं, निदान दुसरा कान आणून लावला असता. शब्द अगदी दातांपर्यंत आले होते.

"झोपलीय," कानसेन म्हणाला.

मुकादमाने चहा टाकायला सांगितला.

आठवडाही गेला नाही. सकाळी तो स्टोव्हपाशी चहा गाळत होता. बायको उशांना टेकून बसली होती, ती एकदम ताठ झाली. "अहो. ऐका."

"काय?"

"तुम्हाला खरंच ऐकू येत नाही?"

त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं, मग भिंतीवर तळवा ठेवला. भिंत थरथरत होती. कपातला चहा थरथरत होता.

"थोरली बोलतेय," ती म्हणाली.

तो अनवाणी पळाला. खडकाचं वळण जागेवर नव्हतं. थोरली फाटून पाण्याचा खांब झाडांच्या शेंड्यांपर्यंत उडत होता आणि अख्खा उतार, माती, दगड, उभी झाडं, दरीत वाहून चालली होती. एवढं पाणी आणि एवढा आवाज असणार, आणि त्याच्या कानात नुसती ती ओळखीची सूं. व्हॉल्व्ह बंद करायला माणसं धावत गेली. तोवर दरी चिखलाने भरली.

अर्धं शहर कोरडं पडलं. दुपारी लेकीचा फोन आला. ती काय म्हणतेय ते बायकोने ऐकून त्याला मोठ्याने सांगितलं: लिफ्टसमोर बादल्यांची रांग आहे, दवाखान्यात टँकर मागवलेत, शेजारणी टँकरवर एकमेकींच्या झिंज्या उपटतायत, आणि लेक विचारतेय, बाबा, तुम्ही ठीक आहात ना?

दुसऱ्या दिवशी मॅडम फुटलेल्या जागी आली. बरोबर वरचे दोन साहेब, वनाधिकारी, मुकादम. मुकादमाने आधीच त्याला कोपरखळी मारून ठेवली होती. "जुनी लाइन आहे. अचानक फुटली. तू 'झोपली होती' म्हण आणि गप्प बस. कोण विचारायला जातंय थोरलीला?"

खरंच होतं. त्याचं म्हणणं खोटं पाडायला कुणी साक्षीदार नव्हता. तो साहेबांपुढे हात बांधून उभा राहिला आणि प्रश्नाची वाट पाहू लागला. मॅडमने वाकून फाटलेल्या पाइपकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाठ असतानाच ती काहीतरी बोलली. तिचे खांदे हलले एवढं त्याला दिसलं.

"झोपली होती, मॅडम," तो घाईने म्हणाला. "मी स्वतः काठी लावली होती."

मुकादमाने डोळे मिटून घेतले. मॅडम वळली आणि त्याच्याकडे बघत राहिली. मग सावकाश, ओठ स्पष्ट हलवत म्हणाली, "काका, मी म्हटलं, किती वेळ उभे आहात, बसा ना."

तो बसला नाही. मॅडम त्याच्या मागे गेली. तिथून तिने त्याचं खरं नाव घेतलं, हे त्याला नंतर मुकादमाने सांगितलं. दोनदा घेतलं. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

कुणी त्याला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान त्या ऐकू आल्या नाहीत असं म्हणता आलं असतं. मशीन आलं, मशीन चालवणारा पोरगा क्वार्टरमध्ये राहायला आला. कानसेनला पंपाच्या स्टोअरवर बसवलं. स्टोअरजवळ खोली मिळेपर्यंत लेक त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. निघताना मुकादमाने काठी त्याच्या सामानात टाकली. "कुणाला लागणार आहे आता," एवढंच म्हणाला.

लेकीचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, खिडकीतून समुद्राचा बोटभर तुकडा. शेजारी नवी इमारत उठत होती, सिमेंट हवेबरोबर आत यायचं. खिडकी लावली तर दमट, उघडली तर धूळ. बायकोच्या पाठीशी तीन उशा आल्या, मग लेकीने चौथी आणली. ऑक्सिजनचं सिलिंडर कोपऱ्यात उभं राहिलं. नळ कोरडाच होता. थोरली सांधायची म्हणजे आधी अख्खा डोंगर बांधून काढायचा, त्याला पूर्ण मोसम लागला. धाकटीचं पाणी उंच मजल्यांवर चढत नव्हतं. लेक आणि जावई रोज खालून बादल्या वाहायचे, आणि बादली दारात टेकली की लेकीला धाप लागलेली असे. आपण जे गप्प बसलो ते हिच्या खांद्यावर आलं, हे तो रोज पाहायचा. लेकीने त्याला एका शब्दाने टोचलं नाही, आणि त्यामुळे त्याला घास गिळता येत नसे.

एका संध्याकाळी बायकोने खुणेने त्याला जवळ बोलावलं. त्याच्या कानाशी तोंड नेऊन, शब्दाशब्दाला दम घेत तिने विचारलं, "तिथे आता कोण ऐकतं?"

"मशीन."

"मशीनला... झोपलीय म्हणता येतं का?"

"त्याच्यावर आकडे येतात."

तिने अंगावरची शाल बाजूला सारली. मग म्हणाली, "मला एकदा आडवं करा हो."

"गुदमरशील."

"एकदाच."

त्याने तिला आडवं केलं नाही. त्याच्याच्याने झालं नाही. तिला उशांवर टेकवून, शाल नीट करून तो तिचा हात धरून बसून राहिला, आणि तिनेही पुन्हा मागितलं नाही.

सकाळी त्याला भिंतीला टेकल्या टेकल्या जाग आली. मागे काहीतरी हलत होतं. त्याने भिंतीवर तळवा ठेवला. आतल्या पाइपातून आधी हवेचे धक्के आले, मग बारीक, सलग थरथर. हाताला ओळख पटली. थोरली चालू झाली होती. जंगलातून निघून, त्या बांधलेल्या उतारावरून, अख्ख्या शहराखालून ती इथपर्यंत पोचली होती. बायकोला सांगावं म्हणून तो वळला.

ती उशांवरून सरकून एका कुशीवर आली होती. आडवी. त्याने दुसरा तळवा तिच्या पाठीवर ठेवला. मग भिंतीवरचा हात काढून तोही ठेवला. दोन्ही हात ठेवून तो थांबला, खूप वेळ थांबला. भिंत थरथरत होती. पाठ थरथरत नव्हती. हाताखाली ती गार पडत चालली होती.

स्वयंपाकघरात लेकीने नळ सोडला होता. किती दिवसांनी पाणी आलं म्हणून ती ओल्या हातांनीच दारात आली. तिचा चेहरा फुलला होता. बाबांना ऐकू यावं म्हणून तिने मोठ्याने विचारलं, "बाबा, पाणी आलं. आई काय म्हणतेय?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. दोन्ही हात बायकोच्या पाठीवर तसेच होते.

"झोपलीय," तो म्हणाला.

लेकीने जीभ चावली, आणि आईची झोप मोडू नये म्हणून आत जाऊन नळ बारीक केला.